यानचं राज्य: एका वर्षात उभं राहिलेलं आणि पडलेलं

इसवी सन २३८ च्या सुरुवातीची गोष्ट. चीनमधल्या वेई राज्याचा सम्राट त्साओ रुई याने आपल्या सर्वांत मुरलेल्या सेनापतीला, सिमा यीला, राजधानी लुओयांगमध्ये बोलावून घेतलं. ईशान्येला, ल्याओदोंग प्रांतात, गोंगसुन युआन नावाच्या सरदाराने स्वतःला 'यानचा राजा' म्हणवून घेतलं होतं. त्याचं बंड मोडायचं होतं. सम्राटाने विचारलं, किती दिवस लागतील? सिमा यी म्हणाला, "जायला शंभर दिवस, लढायला शंभर, परत यायला शंभर आणि विश्रांतीला साठ. एक वर्ष पुरेल."

या हिशेबात लढाई चौथ्या भागाहून थोडीच जास्त आहे. उरलेलं सगळं चालणं आणि दम खाणं. गोंगसुन घराण्याची सत्ता पन्नास वर्षं का टिकली आणि मग वर्षभरात का कोसळली, याचं उत्तर या बेरजेत दडलेलं आहे. हे घराणं शौर्यावर जगलं नाही आणि न्यायावर तर मुळीच नाही. ते अंतरावर जगलं. ज्या दिवशी कोणीतरी ते अंतर शांतपणे मोजलं आणि त्याची किंमत मोजायची तयारी दाखवली, त्या दिवशी यानचं राज्य संपल्यात जमा होतं.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणू. आजच्या चीनचा ल्याओनिंग प्रांत उत्तर कोरियाला लागून आहे. त्यातून ल्याओ नदी वाहते आणि दक्षिणेला बोहाय समुद्राला मिळते. नदीच्या पूर्वेकडचा मुलूख तो ल्याओदोंग. नावाचा अर्थच 'ल्याओच्या पूर्वेला'. त्याचं मुख्य शहर श्यांगपिंग, म्हणजे आजचं ल्याओयांग. लुओयांगहून तिथे जायचं तर चार हजार ली, म्हणजे साधारण सोळाशे किलोमीटरहून जास्त वाट. ती शेवटी डोंगर आणि समुद्र यांच्यातल्या चिंचोळ्या पट्टीतून जाते आणि पुढे नदीकाठची दलदल लागते. पावसाळ्यात नदी फुगली की पलीकडचा माणूस सुरक्षित.

काळही लक्षात घ्यायला हवा. चारशे वर्षं चाललेलं हान साम्राज्य दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आतून पोखरलं गेलं. १८४ मध्ये 'पिवळ्या फेट्यांचं' शेतकरी बंड उठलं. ते मोडण्यासाठी सुभेदारांना सैन्य उभारायची मोकळीक मिळाली आणि मग ती सैन्यं परत कोणी मोडलीच नाहीत. जो तो आपल्या प्रांताचा धनी झाला. या धामधुमीतून २२० नंतर तीन राज्यं उरली: उत्तरेला वेई, नैर्ऋत्येला शू, आग्नेयेला वू. इतिहासात हा काळ 'तीन राज्यांचा' म्हणून ओळखला जातो. पण आकडा तीन असला तरी नकाशाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक चौथा तुकडा होता, आणि तो या तिघांच्याही आधीपासून स्वतंत्रपणे वागत होता.

तो तुकडा घडवला गोंगसुन दू याने. तो मूळचा श्यांगपिंगचाच, कारकुनीपासून वर चढलेला. १८९ मध्ये त्याला ल्याओदोंगची सुभेदारी मिळाली. गावच्या बड्या घराण्यांनी त्याला पूर्वी हलकं लेखलं होतं. एका अधिकाऱ्याने तर त्याच्या मुलाला, कांगला, साध्या शिपायांच्या तुकडीचा नाईक म्हणून भरती केलं होतं. दूने सुभेदार होताच त्या अधिकाऱ्याला भर बाजारात फटके मारून ठार केलं. मग शंभरावर मातब्बर घराणी कापून काढली. प्रांत थरारला आणि गप्प झाला. पुढे हानच्या दरबारातली खरी सत्ता हाती घेतलेल्या त्साओ त्साओने त्याला 'योंगनिंगचा सरदार' ही पदवी आणि शिक्का पाठवला. दू म्हणाला, "मी ल्याओदोंगचा राजा आहे, मला योंगनिंग काय करायचंय?" शिक्का शस्त्रागारात ठेवून दिला.

'मी राजा आहे' हे तो बोलला, पण जाहीर केलं नाही. पुढे नातवाचं काय झालं ते समजायला हा फरक फार महत्त्वाचा आहे.

२०४ मध्ये दू वारला आणि मुलगा गोंगसुन कांग गादीवर आला. तो बापापेक्षा थंड डोक्याचा. त्याने कोरियन द्वीपकल्पातल्या लेलांग परगण्याच्या दक्षिणेकडचा भाग वेगळा काढून दायफांग हा नवा परगणा वसवला. २०७ मध्ये त्साओ त्साओकडून हरलेले युआन घराण्यातले दोन भाऊ, युआन शांग आणि युआन शी, त्याच्या आश्रयाला आले. त्साओ त्साओच्या सरदारांना पाठलाग करायचा होता. त्याने नकार दिला. त्याचा तर्क असा: मी दबाव टाकला तर कांग आणि हे भाऊ एक होतील, मी मागे फिरलो तर ते एकमेकांच्या जिवावर उठतील. तसंच झालं. कांगने दोन्ही भावांची मुंडकी त्साओ त्साओकडे पाठवून दिली आणि बदल्यात पदव्या घेतल्या.

घराण्याचं धोरण इथे स्पष्ट दिसतं. केंद्राला हवं ते वेळेवर द्यायचं, त्याच्या पदव्या स्वीकारायच्या, आणि आपल्या मुलखात मात्र कोणाला पाऊल ठेवू द्यायचं नाही. केंद्रालाही हे चालत होतं. शू आणि वू हे दोन मोठे शत्रू समोर असताना चार हजार लीवरच्या सुभेदाराशी भांडायला सवड कोणाला होती? कागदावर तो सेवक, जमिनीवर तो धनी. दोघांनीही या दुहेरीपणाकडे डोळेझाक करायची, हा न बोललेला करार होता.

कांगच्या मागे त्याची मुलं लहान होती, म्हणून भाऊ गोंगसुन गोंग गादीवर बसला. तो आजारी आणि दुबळा होता. २२८ मध्ये कांगचा मुलगा युआन मोठा झाला आणि त्याने काकाला कैदेत टाकून सत्ता घेतली. वेईच्या दरबारात तेव्हाच काहींनी सांगितलं होतं की हे प्रकरण आत्ताच निपटा. पण शूचा मुख्यमंत्री झुगे ल्यांग त्याच वर्षी पश्चिमेकडून चाल करून आला होता. दरबाराने युआनला मान्यता देऊन टाकली.

गोंगसुन युआनला वाटलं, आजोबा आणि वडील एका केंद्राशी खेळले, आपण दोघांशी खेळू. दक्षिणेतल्या वूचा सम्राट सुन च्युआन याला घोडे हवे होते. नद्यांच्या मुलखात आरमार चांगलं उभं राहतं, घोडदळ नाही. आणि उत्तरेचे घोडे मिळवायचे तर मध्ये वेई आडवं. समुद्रमार्गे ल्याओदोंग गाठता येत होतं. २३२ मध्ये वूची माणसं घोडे खरेदी करायला आली. युआनने आपले दूत पाठवून सुन च्युआनला सम्राट मानायची तयारी दाखवली. सुन च्युआन हरखून गेला. त्याने २३३ मध्ये सुमारे दहा हजार माणसं, जहाजं भरून मौल्यवान वस्तू आणि 'यानचा राजा' ही पदवी घेऊन आपले दूत धाडले.

वूमधल्या जवळपास प्रत्येक जाणत्या माणसाने याला विरोध केला होता. सर्वांत जोरात केला तो झांग झाओ या वृद्ध मंत्र्याने. सुन च्युआनने ऐकलं नाही, तेव्हा झांग झाओने आजारपणाचं कारण सांगून दरबारात येणंच बंद केलं. चिडलेल्या राजाने त्याच्या दरवाजाबाहेर मातीची भिंत घातली. म्हाताऱ्याने आतून दुसरी भिंत घातली.

म्हाताऱ्याचंच खरं ठरलं. दहा हजार माणसं दारात उतरलेली पाहून युआन घाबरला. वू फार लांब, वेई त्या मानाने जवळ. संकट आलं तर वू वाचवायला येणार नाही आणि वेई तर येणारच. त्याने वूच्या मुख्य दूतांची मुंडकी उडवली, ती वेईकडे पाठवली आणि माल व माणसं स्वतःकडे ठेवून घेतली. वेईने त्याला लेलांगचा ड्यूक केलं. वडिलांनी २०७ मध्ये जे केलं तेच आपण केलं, असं त्याला वाटलं असणार. पण कांगने हरलेल्या, निराधार माणसांना मारलं होतं. युआनने एका जिवंत राज्याच्या राजाचे दूत मारले, तेही स्वतः बोलावून. या एका कृत्याने वूचा विश्वास गेलाच, पण वेईलाही कळलं की हा माणूस उद्या आपल्याशीही असंच वागेल. वेईचे दूत पदवी घेऊन आले तेव्हा युआन त्यांना सशस्त्र पहाऱ्यात भेटला आणि पाहुण्यांसमोर वेडंवाकडं बोलला.

वूच्या दूतांपैकी काही जण निसटले, ती वाट मला फार हलवून जाते. वूच्या माणसांना युआनने वेगवेगळ्या गावी विखरून ठेवलं होतं. त्यातले चौघे डोंगरातून पळाले. झांग च्युन याच्या गुडघ्याला फोड आले आणि त्याला चालवेना. "मला सोडून जा," असं तो म्हणाला. दू द हा सोबती त्याच्यापाशी थांबला, रानातली फळं आणि पाला आणून त्याला जगवत राहिला. बाकीचे दोघे कोरियन राज्य गोगुर्योला पोचले, तिथल्या राजाने माणसं पाठवून या दोघांनाही आणवलं आणि सगळ्यांना भेटवस्तूंसह वूला परत धाडलं. मोठ्यांच्या खेळात ज्यांना कोणी मोजत नाही, अशा चौघांची एवढी नोंद तरी उरली.

२३४ मध्ये झुगे ल्यांग वारला. ल्याओदोंगच्या दृष्टीने ही अत्यंत वाईट बातमी होती. पश्चिम सीमा शांत झाली आणि वेईला ईशान्येकडे पाहायला सवड मिळाली. २३७ मध्ये वेईने ग्वान्च्यू ज्यान या सेनापतीला सैन्यासह सीमेवर पाठवलं आणि युआनला राजधानीत हजर राहण्याचं फर्मान दिलं. हजर राहायचं म्हणजे परत न येणं, हे उघड होतं. युआनने ल्याओस्वी इथे त्याला अडवलं. दहाएक दिवस पाऊस कोसळला, ल्याओ नदी फुगली आणि ग्वान्च्यू ज्यान माघारी गेला.

या पावसाने युआनचा घात केला असं मला वाटतं. निसर्गाने दिलेला विजय त्याने स्वतःच्या खात्यावर लिहिला. त्याच वर्षी त्याने 'यानचा राजा' ही पदवी घेतली, मंत्री नेमले, शेजारच्या श्येनबेई टोळ्यांच्या म्होरक्याला शिक्के देऊन वेईची सरहद्द लुटायला लावली, आणि 'शाओहान' हे नवं वर्षनाम जाहीर केलं.

वर्षनाम म्हणजे काय? चीनमध्ये सम्राट आपल्या कारकिर्दीच्या काळाला एक नाव देई आणि त्या नावापासून वर्षं मोजली जात. सगळे दस्तऐवज, करारपत्रं, पंचांगं त्यावर चालत. राज्याभिषेक शक म्हटलं की मराठी माणसाला जे कळतं तेच: काळ कोणाच्या नावाने मोजायचा, हा सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे. राजा हा किताब सम्राटाच्या हाताखालच्या माणसालाही मिळू शकत होता, पण वर्षनाम फक्त सम्राटाने द्यायचं. म्हणजे युआनने नाव धाकटं घेतलं आणि हक्क थोरला वापरला. 'शाओहान'चा अर्थही 'हानचा वारसा चालवणारा'. वेईने हानची गादी घेतली होती. तिच्यावरच हे बोट होतं. ल्याओदोंगच्या माणसाच्या रोजच्या जगण्यात या घोषणेने काहीच नवं आलं नाही. कर तेच, सुभेदार तोच. फक्त वेईला डोळेझाक करायला आता जागा उरली नाही. लुन झी आणि ज्या फान या त्याच्याच अधिकाऱ्यांनी कळकळीने विरोध केला. युआनने दोघांना मारलं.

आता सिमा यीकडे परत येऊ. चाळीस हजार सैन्य मागितल्यावर दरबारी कुरकुरले की खर्च फार. सम्राट म्हणाला, चार हजार ली जाऊन लढायचं तर खर्चाकडे पाहता येणार नाही. मग त्याने विचारलं, युआन काय करेल? सिमा यी म्हणाला, आधीच शहर सोडून पळाला तर ती सर्वांत शहाणी चाल. ल्याओ नदीवर अडवलं तर दुय्यम. श्यांगपिंगमध्ये बसून राहिला तर तो हातात सापडला. शहाणा माणूस स्वतःचं बळ ओळखून वेळेवर काही सोडून देतो, ते याच्याने होणार नाही. तो आधी नदीवर लढेल आणि मग शहरात कोंडून घेईल.

जूनच्या सुमाराला सैन्य पोचलं. यानच्या सेनापतींनी ल्याओस्वीजवळ वीसहून अधिक ली लांबीचा खंदक आणि तटबंदी उभारली होती. सिमा यीने दक्षिणेला मोठा देखावा करून त्यांचं लक्ष तिकडे गुंतवलं, गुपचूप उत्तरेला नदी ओलांडली आणि तटबंदीकडे ढुंकूनही न पाहता थेट श्यांगपिंगची वाट धरली. त्याचं म्हणणं: ते इथे ठाण मांडून बसले आहेत म्हणजे शहर मोकळं आहे. यानची सेना धावत मागे आली, उघड्यावर लढावं लागलं आणि तीनदा हरली.

मग पाऊस सुरू झाला. महिनाभराहून जास्त. नदीच्या मुखापासून जहाजं थेट शहराच्या तटापर्यंत येऊ शकत होती, इतकं पाणी. वेईच्या छावणीत पाणी काही फूट चढलं. सैनिकांना छावणी उंचावर हलवायची होती. सिमा यीने हुकूम काढला: जो छावणी हलवण्याचं नाव काढेल त्याचं डोकं जाईल. एका लष्करी कारकुनाने नाव काढलं. त्याचं डोकं गेलं. लुओयांगमध्ये सैन्य परत बोलवा अशी ओरड झाली; सम्राट ठाम राहिला. गेल्या वर्षीचाच पाऊस, तीच नदी, पण या वेळी समोरचा माणूस हलला नाही.

पाण्यामुळे वेढा पूर्ण होत नव्हता. शहरातली माणसं बाहेर येऊन लाकूडफाटा गोळा करत, गुरं चारत. सिमा यीने त्यांना हात लावू दिला नाही. छन ग्वी या अधिकाऱ्याला राहवेना. दहा वर्षांपूर्वी मंग दा या बंडखोराविरुद्ध तुम्ही विजेसारखे धावलात, मग आता इतके सुस्त का?

उत्तर असं की मंग दाकडे माणसं थोडी आणि धान्य वर्षभराचं होतं. आपल्याकडे त्याच्या चौपट माणसं आणि धान्य महिनाभराचंही नव्हतं. तेव्हा शर्यत धान्याशी होती. आज उलट आहे. ते संख्येने जास्त आणि भुकेले, आपण थोडे आणि पोट भरलेले. त्यांचं धान्य संपत आलंय. त्यांची गुरं लुटली, लाकूडतोड्यांना पकडलं, तर ते घाबरून पळून जातील. मला त्यांच्या हल्ल्याची भीती नाही, पळण्याची आहे. वेढा म्हणजे भिंत फोडणं असं आपल्याला वाटतं. खरं तर वेढा म्हणजे कोणाचं धान्य आधी संपतं याची वाट पाहणं. यानची भरमसाट सेना हीच शहराची सर्वांत मोठी अडचण होती, कारण तिला रोज खायला लागत होतं.

पाऊस थांबला आणि वेढा आवळला. मातीचे उंचवटे, भुयारं, शिड्या, दगड फेकणारी यंत्रं, रात्रंदिवस बाण. शहरात माणसं माणसांना खाऊ लागली. युआनने दोन वृद्ध मंत्री पाठवले: वेढा उठवा, मग आम्ही शरण येतो. सिमा यीने दोघांना मारलं आणि कळवलं की म्हाताऱ्यांना निरोप नीट सांगता आला नसेल, कोणी तरुण पाठव. तरुण दूत आला. ओलीस पाठवण्याची तारीख ठरवू या, म्हणाला. सिमा यीचं उत्तर चिनी लष्करी इतिहासात कोरलं गेलं आहे: लढता येत असेल तर लढ; लढता येत नसेल तर तट राख; तेही जमत नसेल तर पळ; मग उरतात दोनच गोष्टी, शरण येणं किंवा मरणं. ओलिसाची गरज नाही.

सप्टेंबर २३८ च्या अखेरीला शहर पडलं. युआन मुलासह काही शे घोडेस्वार घेऊन आग्नेयेकडे निसटला आणि ल्यांग नदीच्या काठी मारला गेला. त्याचं मुंडकं लुओयांगला गेलं.

सिमा यीचं कौतुक करताना बरेच जण इथे थांबतात. मला थांबता येत नाही. शहरातल्या पंधरा वर्षांवरच्या सात हजारांहून अधिक पुरुषांना त्याने ठार केलं आणि प्रेतांचा ढीग रचून विजयाचा स्तंभ म्हणून उभा केला. यानचे दोन हजारांवर अधिकारी मारले. चाळीस हजार घरं आणि तीन लाखांवर माणसं वेईच्या ताब्यात आली. याच माणसाने लुन झी आणि ज्या फान यांच्या कबरी सन्मानाने बांधल्या, दहा वर्षं कैदेत पडलेल्या काकाला, गोंगसुन गोंगला, मोकळं केलं, स्वतःच्या सैन्यातल्या साठीपुढच्या हजारावर शिपायांना घरी पाठवलं. थंडी पडली तेव्हा शिपायांनी अंगरखे मागितले. कोठारात जुने पडून होते. ते सरकारी आहेत, मला खासगी दान करता येत नाही, म्हणून त्याने दिले नाहीत.

ल्याओदोंगची भिंत पडल्याने पूर्वेचा नकाशा झपाट्याने बदलला. वेईने समुद्रमार्गे सैन्य धाडून लेलांग आणि दायफांगही घेतले होते. त्या वाटेने लवकरच जपानमधल्या राणी हिमिकोचे दूत लुओयांगला पोचले. त्यांना सोन्याचा शिक्का आणि शंभर कांस्य आरसे मिळाले. गोगुर्योने या मोहिमेत वेईला मदत केली होती, पण मधला शेजारी गेल्यावर दोघे समोरासमोर आले आणि २४४ मध्ये तोच ग्वान्च्यू ज्यान गोगुर्योवर चालून गेला. वूची जहाजं मदतीला, किंवा परिस्थिती पाहायला, २३९ मध्ये आली. राज्य संपलं होतं. किनाऱ्यावर लूट करून, माणसं पकडून ती परत गेली. सम्राट त्साओ रुई त्याच वर्षाच्या सुरुवातीला वारला, आणि दहा वर्षांनी सिमा यीने वेईची सत्ता स्वतःच्या घराण्याकडे वळवली.

युआनचा थोरला भाऊ गोंगसुन हुआंग या सगळ्या काळात लुओयांगमध्ये होता. काकाच्या कारकिर्दीत त्याला ओलीस म्हणून तिथे पाठवलं होतं. युआन बंड करेल, त्याला वेळीच आवरा, असं त्याने दरबाराला एकदा नव्हे, अनेकदा सांगितलं होतं. बंड झाल्यावर कायद्याप्रमाणे बंडखोराचं सगळं घराणं दोषी. न्यायखात्याचा प्रमुख गाओ रोउ याने सम्राटाला लिहिलं: त्याने खरोखर आधी सूचना दिली असेल तर त्याला जीवदान द्या, दिली नसेल तर उघड बाजारात शिक्षा करा, पण सोडतही नाही आणि गुन्हाही जाहीर करत नाही, हे बरोबर नाही. सम्राटाने ऐकलं नाही. हुआंग, त्याची बायको आणि मुलं यांना सोन्याचा चुरा घातलेलं पेय पाजण्यात आलं. मग सरकारातून शवपेटी आणि कपडे आले.